ठकूआत्याचं ‘अंहं’

ठकूआत्या मिश्री लावत असेपर्यंत आमची ग्रामपंचायत सुखात असे. सभा सुरू झाली की ती कनवटीची डबी काढायची, तळहातावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड ओतायची आणि बोट तोंडात घालून भिंतीला टेकायची. तोंडात मिश्री असताना बोलता येत नाही. बोललं तर समोरच्याचा सदरा खराब होतो. सरपंच दौलतरावांनी हे पहिल्याच सभेत हेरलं. बोट तोंडात गेलं रे गेलं की ते मला डोळ्यांनी खुणावायचे, ‘वाचा, वाचा.’ मग मी श्वास न घेता वाचत सुटायचो. गटाराची दुरुस्ती मंजूर, कोंडवाड्याचं छप्पर मंजूर, विहिरीचा रहाट मंजूर. तेवढ्यात आत्या उठायची, चावडीच्या खिडकीतून बाहेर एक लांब पिचकारी टाकायची, पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, “हां, आता बोला. काय चाललं हुतं?” त्यानंतर त्या दिवशी काही मंजूर होत नसे.

मी त्या पंचायतीचा सेक्रेटरी होतो. पन्नासचं दशक सरत आलं होतं. गाव चिंचवड स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पवनेच्या काठाला. मी कोकणातला, नोकरीसाठी घाट चढून आलेला, आणि माझ्यासारखे बरेच जण येत होते. स्टेशनच्या बाजूला एकेका कारखान्याची तारेची कुंपणं पडत चालली होती, आणि त्या कारखान्यांत लागलेली माणसं आमच्या गावात खोल्या शोधत फिरायची. खोल्या संपल्या तेव्हा गावकऱ्यांनी गोठे सारवून भाड्यानं दिले. म्हशी अंगणात आल्या आणि भाडेकरू दावणीला गेले. गाव दुप्पट झालं, पण गटार तेवढंच, विहीर तेवढीच, आणि सकाळ-संध्याकाळ बसायला जायची जागा तर कुंपणांमुळे होती त्याच्याही निम्मी झाली. या शेवटच्या गोष्टीबद्दल पंचायतीत कधी कोणी बोलत नसे. ती बोलायची गोष्टच नव्हती.

अशात नवा कायदा आला, की पंचायतीत बाई हवी. मी तो वाचून दाखवला तेव्हा चावडीत एवढी शांतता पसरली की बाहेरच्या म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं. बाई घ्यायला कोणाची हरकत नव्हती, पण कोणाची बाई? सरपंचांची सून घ्यावी, तर सासरा खुर्चीत बसलेला असताना सून समोर बसणार कशी आणि बोलणार कशी? रामभाऊ मेंबरची बायको घ्यावी, तर चावडीत बसलेले निम्मे लोक तिचे थोरले दीर. ती पदर ओढून दाराआड उभी राहील आणि दीर जातील तेव्हाच हलेल. गावातली प्रत्येक बाई ही कोणाची तरी सून, नाही तर भावजय. कायदा करणाऱ्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग कोपऱ्यातून एक म्हातारे मेंबर म्हणाले, “आरं, ठकी हाय की.”

ठकूआत्या गावची सून नव्हती, लेक होती. लग्न होऊन ती खेडकडच्या एका गावात गेली आणि थोड्याच वर्षांत बोचकं घेऊन परत आली. नवरा का सोडला असं कोणी विचारलं, तर ती एकच कारण सांगायची, “त्यो घोरायचा.” यापेक्षा जास्त कारण तिनं कोणालाही दिलं नाही, आणि तेव्हाच्या काळात एवढ्या कारणावर परत येऊन ताठ मानेनं राहिलेली दुसरी बाई मी पाहिली नाही. भाऊ वारला होता. ती भाच्याच्या घरात राहायची. भाच्याची बायको सुंदरा, तिला ती ‘माझी सून’ म्हणायची. माहेरी तिला कोणाचा पडदा नव्हता. गावातले सगळे म्हातारे तिचे भाऊ आणि बाकी सगळे भाचे. सरपंच दौलतरावांना अख्खा गाव ‘राव’ लावत असे. आत्या त्यांना ‘दवल्या’ म्हणे, कारण तिनं त्यांचं नाक पुसलं होतं आणि ते पुसल्याचं ती दर सभेत सांगे.

“घ्या आत्याला,” दौलतराव म्हणाले. “तिला काय कळतंय? अंगठा उठवील आणि घरी जाईल.”

दौलतरावांनी आयुष्यात बरीच विधानं केली. त्यांतलं हे सर्वांत चुकीचं ठरलं.

कायद्यातला शब्द होता ‘को-ऑप्ट’. मी आत्याला समजावून सांगितलं, की तुम्ही निवडून आलेल्या नाही, पंचायतीनं तुम्हाला को-ऑप्ट केलंय. दुसऱ्या दिवसापासून ती गावभर सांगत सुटली, “मी खोपट मेंबर हाय.” खोपटात बसणारे ते खोपट मेंबर, असा तिचा समज. चावडीचं छप्पर पाहता तो फार चुकीचा नव्हता. पंचायतीनं तिच्यासाठी खुर्ची आणली, तर ती खुर्चीवर बसेना. “पाय लोंबकळत ठेवून बसाया मी काय झोक्यावर हाय?” ती जमिनीवर बसायची, पंचायतीच्या एकुलत्या एका कपाटाला पाठ लावून. त्यामुळे सभा चालू असेपर्यंत कपाट उघडता येत नसे.

“मेंबरानं करायचं काय?” तिनं मला विचारलं होतं.

“गावाच्या सोयी बघायच्या,” मी म्हणालो.

तिनं ‘बघायच्या’ हा शब्द धरला. रोज सकाळी ती सोयी बघायला निघायची. गटारात डोकावून बघायची, विहिरीत वाकून बघायची, आणि तिथून पुढे लोकांच्या चुलीवर काय शिजतंय तेही बघायची. कोणाच्याही उंबऱ्यावर उभी राहून म्हणायची, “मेंबर आल्यात, च्या टाका.” ती न्यायी होती असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या आळीतलं गटार तिनं आधी काढून घेतलं. रामभाऊंची म्हैस तिनं कोंडवाड्यात घातली, कारण म्हैस ‘वाकडं बगत हुती’. रामभाऊ तक्रार घेऊन आले तेव्हा म्हणाली, “माझं काय म्हननं हाय, म्हशीचं सोड, तू बी तसाच बगतोस.” ‘माझं काय म्हननं हाय’ हे तिचं पालुपद. त्याच्यापुढे जे यायचं त्याचा आधीच्या विषयाशी संबंध असेलच असं नव्हतं, पण ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

तरी एका बाबतीत तिचं बघणं पक्कं होतं, आणि त्यासाठी गावाच्या पश्चिमेची बाजू सांगायला हवी. तिथे रस्त्यालगत घाणेरीची आणि निवडुंगाची दाट जाळी होती, आणि जाळीपलीकडे ओढ्यापर्यंत बायकांची जागा. पहाटे अंधार असताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला बायका हातात टमरेल घेऊन तिकडे जायच्या. पुरुषानं त्या वेळी त्या वाटेला जायचं नाही. जावंच लागलं तर लांबूनच खाकरायचं. आणि तरीही कोणी पुरुष अचानक आलाच, तर बसलेल्या बायकांनी उठून उभं राहायचं, पदर पुढे ओढायचा, आणि तो नजरेआड होईपर्यंत उभंच राहायचं. का, कोण जाणे. बसल्यानं लाज जाते आणि उभं राहिल्यानं राहते, असा सगळ्यांचा समज होता. पुरुषानं मान खाली घालून लवकर टळायचं. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो सगळे पाळत.

दौलतरावांच्या पंचायतीनं एकदा रॉकेलचे दिवे घेतले. खांब रोवले, चौकात, चावडीपुढे, विहिरीपाशी दिवे लागले. एक दिवा उरला. दौलतरावांना उदार वाटलं आणि त्यांनी तो बायकांच्या जाळीच्या तोंडाशी लावला, “बायाबापड्यांची सोय” म्हणून. पहिल्याच संध्याकाळी तो विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. शेवटी कोणीतरी वातच काढून नेली. नेमके तेव्हाच तालुक्याचे एक तरुण साहेब तपासणीला आले आणि विचारू लागले, हा दिवा का बंद?

“म्या इझिवला,” आत्या म्हणाली.

“का?”

मेंबर आपापल्या वहाणांकडे बघू लागले. साहेब शहरातले होते, त्यांना वाटलं म्हातारी अडाणी आहे. ते प्रेमानं म्हणाले, “बाई, उजेड म्हणजे प्रगती.”

“व्हय,” आत्या म्हणाली. “मग तुमी बसा त्या परगतीत, आनि आमी बगतो लांबून.”

साहेबांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले आणि त्यांनी शेऱ्यात लिहिलं, दिव्याची जागा बदलावी. दिवा सरपंचांच्या दारात गेला आणि तिथे व्यवस्थित जळू लागला.

आता दौलतरावांबद्दल दोन शब्द. माणूस वाईट नव्हता. त्याला एक स्वप्न पडलं होतं, एवढंच. गावाभोवती कारखाने येत होते, गाव वाढत होतं, तेव्हा आज ना उद्या इथे नगरपालिका होणार आणि आपण नगराध्यक्ष होणार, असं ते स्वप्न. ते कोट घालून सभेला यायला लागले होते. खुर्चीत बसले की पुस्तकी बोलायचे, घाबरले की गावचं. शिवाय त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. आपल्या पंचायतीत आजवर एकही ठराव बहुमतानं झालेला नाही. जो झाला तो सर्वानुमते. हा शब्द त्यांना इतका आवडे, की घरी ‘आज पिठलं चालेल का’ या प्रश्नावरही ते ‘सर्वानुमते’ म्हणत असावेत.

त्या वर्षी स्टेशनपलीकडच्या एका नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला मंत्री येणार असं ठरलं, आणि त्यांच्या मोटारी आमच्या गावाच्या पश्चिमेच्या रस्त्यानं जाणार होत्या. दौलतरावांची झोप उडाली. कमान उभारू, हार घालू, पाच मिनिटं थांबवू, आणि नगरपालिकेचं निवेदन हातात देऊ. पण मंत्र्यांना गाव शहरासारखं दिसायला हवं. शहराच्या वेशीवर घाणेरी नसते. तेव्हा रस्त्यालगतची जाळी साफ करावी, तिथे गुलमोहराची रोपं लावावीत आणि दगडांना चुना फासावा, असा ठराव त्यांनी सभेपुढे आणला.

आणला कधी, तर आत्याचं बोट तोंडात असताना.

मी वाचत होतो. ‘पश्चिमेकडील झुडपे’ एवढं ऐकल्याबरोबर आत्याचं बोट थांबलं. तोंड मिश्रीनं भरलेलं, त्यामुळे ओठ मिटलेलेच ठेवून ती जोरात म्हणाली, “अंहं!”

“आत्याबाईंचं हं आलं,” दौलतराव माझ्या कागदावरची नजर न काढता म्हणाले. “लिहा, सर्वानुमते मंजूर.”

“अंहं! अंहं!”

“दोनदा आलं. लिहा.”

सरपंच सांगतील ते लिहिणं ही माझी नोकरी होती. आत्या खिडकीपाशी पोचून पिचकारी टाकून वळेपर्यंत सभा संपली होती आणि मेंबर वहाणा शोधत होते.

“म्या न्हाई म्हनलं!”

“आत्याबाई, आपण हं म्हणालात. सभेनं ऐकलं.”

“अंहं म्हनलं म्या!”

“तेच तर.”

मग तिथे जे सुरू झालं त्याचा वृत्तांत कुठेच लिहिलेला नाही. हो म्हणताना कसं वाजतं आणि नाही म्हणताना कसं वाजतं, याचं प्रात्यक्षिक प्रत्येक मेंबर देऊ लागला. एक म्हणाला हं, दुसरा म्हणाला अंहं, तिसरा म्हणाला मिश्री असली की दोन्ही एकच. सगळी पंचायत ओठ मिटून एकमेकांकडे बघत हुंकारत होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, आत कोणाला तरी कळा आल्यात. शेवटी दौलतरावांनी यावरच मत घेतलं. आत्या सोडून सगळ्यांच्या मते ते ‘हं’ होतं. म्हणजे सर्वानुमते.

दारातून बाहेर पडताना आत्यानं मिश्रीची डबी चावडीच्या पायरीवर ठेवली आणि तशीच सोडून गेली. त्यानंतर सभेत मी तिला मिश्री लावताना कधी पाहिलं नाही, आणि पंचायतीचे सुखाचे दिवस तिथे संपले.

जाळी तोडली गेली. कुऱ्हाडीच्या माणसांनी ती एका दिवसात सपाट केली. गुलमोहराची वीतभर रोपं लागली, दगडांना चुना लागला. रस्त्यावर उभं राहिलं की आता थेट ओढ्यापर्यंत सगळं दिसत होतं. रस्ताही पूर्वीचा राहिला नव्हता. संध्याकाळी शिफ्ट सुटली की कारखान्यातल्या माणसांच्या सायकली एकामागून एक यायच्या. बायका बसायच्या, सायकल यायची, उठायच्या. पुन्हा बसायच्या, बैलगाडी यायची, पुन्हा उठायच्या. हे मी पाहिलेलं नाही, पाहण्यासारखं नव्हतं. पण संध्याकाळी घरी परतणाऱ्या बायकांचे चेहरे दिसायचे. त्यांच्याकडे मला बघवत नसे.

आणि सुंदराचे दिवस भरत आले होते. पोट एवढं, की ओट्यावरून उठायला तिला कोणाचा तरी हात लागायचा. तिला ही उठबस होईना. तिनं आपल्यापुरता उपाय शोधला. दिवसभर पाणी प्यायची नाही आणि संध्याकाळी जेवायची नाही, म्हणजे जायलाच नको. एका दुपारी ती चुलीपुढेच कलंडली. सुईणीनं तिचे ओठ बघितले आणि आत्याला म्हणाली, ही पोर वाळत चाललीय, पोटातल्या बाळाचं काही खरं नाही.

आत्या तशीच चावडीत आली. सभा नव्हती, दौलतराव निवेदनाची भाषा माझ्याकडून तपासून घेत होते. आत्या दरवेळी येताना ओरडत यायची, त्या दिवशी हळू बोलली.

“दवल्या, माझ्या सुनंनं पानी सोडलंय. पोटुशी हाय ती. मरंल.”

दौलतराव गडबडले. “आत्ये, आगं, मंत्री यिऊन जाऊ दे. मग बगू. घानेरी काय, पुन्ना वाढंल.”

“आनि तवर?”

“तवर जरा दम धरा,” रामभाऊ मध्येच म्हणाले.

“तू धर,” आत्या म्हणाली. “चार दिस धरून दाव मला.”

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही. ती उंबऱ्यातच उभी होती, आत येऊन कपाटाला टेकलीही नव्हती. चार खेड्यांत भीती म्हणून माहीत नसलेली ही बाई घाबरली होती. दौलतराव निवेदनाच्या कागदाकडे बघत राहिले. आत्या निघून गेली. मग त्यांनी कोट काढून ठेवला आणि त्या दिवशी निवेदनाला पुन्हा हात लावला नाही, हेही सांगायला हवं.

मंत्री दुपारी यायचे होते. कमानीला आंब्याची पानं लागली, पिंपळे गुरवहून वाजंत्री आली, दौलतरावांच्या हातात हार आला. दुपार गेली. वाजंत्र्यांनी चहा पिऊन घेतला, मग भजी खाल्ली, मग ते झोपले. हार मलूल झाला. ऊन उतरलं, पहिल्या काही सायकली येऊन गेल्या, आणि दिवेलागणीची वेळ झाली तशा बायका हातात टमरेल घेऊन रोजच्यासारख्या घराबाहेर पडू लागल्या.

दौलतराव कमान सोडून धावले. “आत्ये, आज बायांना थांबीव! मंत्री याया लागलेत!”

“मंत्र्याला सांग थांबाया,” आत्या म्हणाली. “त्येला एक दिस हाय, आमाला रोजच हाय.” आणि सुंदराचा दंड धरून ती पुढे गेली. तिच्यामागून सगळ्या गेल्या.

अंधार पडायला लागला होता तेवढ्यात मोटारींचे दिवे दिसले. वाजंत्री दचकून उठले. रस्ता तिथे वळतो, त्यामुळे मोटार वळली तसा तिच्या दिव्यांचा उजेड त्या सपाट केलेल्या जागेवरून सरकत गेला, आणि उजेड जिथे पोचेल तिथली बाई उठून उभी राहिली. एक, मग दुसरी, मग सगळ्याच. रस्त्याच्या कडेपासून ओढ्यापर्यंत रांगेनं बायका उभ्या. डोक्यावरून पदर, मान खाली, हातात टमरेल.

मोटार थांबली. कमान अजून पुढे होती, पण मंत्री तिथेच उतरले. भला गृहस्थ असावा. दिवसभर जागोजागी सत्कार होऊन त्यांना दुसरं काही सुचण्याची शक्यताच राहिली नव्हती. त्यांनी बायकांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या भांड्यांकडे पाहिलं.

“एवढ्या भगिनी!” ते म्हणाले. “अंधारात, कलश घेऊन! भगिनींनो, मला उशीर झाला. तुम्ही माझ्यासाठी उभ्या राहिलात...” आणि त्यांनी हात जोडले. मागच्या मोटारींतली माणसंही उतरली आणि त्यांनीही हात जोडले. आम्ही हार घेऊन धावत पोचलो तेव्हा दोन्ही बाजू अशा समोरासमोर उभ्या होत्या, आणि मोटारीचे दिवे बायकांच्या अंगावर होते. बायका बसू शकत नव्हत्या, जाऊ शकत नव्हत्या. पदराआडून कोणीतरी फिसकन हसलं. काही रडल्याही असतील. त्यांच्यातली एकही बाई तोंड उघडणार नव्हती, कारण मंत्र्यांच्या मागे त्यांचे सासरे आणि दीर उभे होते.

आत्या पुढे आली. सुंदरा तिच्या खांद्यावर रेललेली.

“सायेब, माझं काय म्हननं हाय,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी उठल्या हे खरं हाय. तवर बसल्या हुत्या. तुमी गेला की पुन्ना बसत्याल. तवा जरा बिगी बिगी जावा. ही पोर अवघडलीया.”

मंत्र्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांनी टमरेलाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग ड्रायव्हरला हळूच म्हणाले, “दिवे बंद करा.” दिवे बंद झाले. अंधारात कोणाला कोण दिसेना, तेव्हा त्यांचा आवाज आला, “बाई, इथे काही आडोसा नव्हता का?”

“हुता की,” आत्या म्हणाली. “तुमी येनार म्हनून काढला. सर्वानुमते.”

नगरपालिकेचं निवेदन दौलतरावांच्या खिशातच राहिलं. मोटारी दिवे न लावता, चालत्या माणसाच्या वेगानं कमानीखालून गेल्या. वाजंत्र्यांना कोणी काहीच सांगितलं नव्हतं. मोटारी दिसल्या म्हणून त्यांनी वरातीचं वाजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतरावांनी स्वतः उभं राहून सत्कारासाठी आणलेल्या मंडपाची सगळी कापडी कनात त्या जागेभोवती लावून घेतली. सुंदरा पाणी पिऊ लागली. पुढे तिला मुलगी झाली, चांगली दणदणीत, आणि तिच्या रडण्याबद्दल शेजारी तक्रार घेऊन पंचायतीत आले. काही महिन्यांनी वरून कागद आला. बायकांसाठी संडास बांधायला मंजुरी. सभेत दौलतराव म्हणाले, टोपलीचे बांधू, स्वस्त पडतील. आत्या म्हणाली, “आनि टोपली रोज उचलनार कोन? तू?” दौलतरावांनी ती सूचना मागे घेतली आणि खड्ड्याचे ठरले. गुलमोहराची रोपं तोवर रामभाऊंच्या त्याच म्हशीनं खाल्ली होती.

माझी तेव्हा बदली झाली होती, पण संडासांच्या उद्घाटनापर्यंत थांबा, असा सगळ्यांचा आग्रह पडला. उद्घाटन कसं करायचं हा पेच होता. दौलतरावांना स्वतः करायचं होतं. पण बायकांच्या संडासाचं उद्घाटन पुरुषानं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा ते काम बाई मेंबरवर आलं. चिंचवडहून फोटोग्राफर आला. दारांना हिरवा रंग, पहिल्या दाराला लाल फीत, नारळ, हार. गावातल्या बायका लांब, चिंचेखाली. पुरुष सगळे पुढे, कोट आणि फेटे घालून.

आत्या नवं लुगडं नेसून आली. फीत कापली. फोटोग्राफर म्हणाला, बाई, इकडे बघा. आत्यानं तिकडे बघितलं नाही. तिनं दार ढकललं, आत गेली, दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आम्ही वाट बघत राहिलो. फोटोग्राफर काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून उभा राहिला. चिंचेखाली बायका कुजबुजू लागल्या. ऊन चढत होतं. रामभाऊंनी हार या हातातून त्या हातात घेतला. शेवटी दौलतराव दोन पावलं पुढे झाले, लांबूनच खाकरले आणि म्हणाले, “आत्ये, झालं का?”

“गप हुबे ऱ्हावा,” आतून आवाज आला. “जल्मात पयल्यांदा मला घाई न्हाई.”

दौलतरावांनी मान खाली घातली. आम्ही सगळे हार घेऊन उभे राहिलो.